हातचा

एवेलियो मोंकादा, वय एकेचाळीस.
न्हाणीतल्या ओल्या फरशीवर घसरला,
उजव्या मांडीचं हाड खडूसारखं मोडलं.
मूत्रपिंडं गेली की हाडंही पोखरतात,
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

फाइलवर लाल शाईत मी लिहिते:
डाव्या हाताला कुणी हात लावायचा नाही.
सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही,
झोपेतही त्या कुशीवर वळवायचं नाही.
तिथे धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिल्यात;
कान लावला तर बाटलीत कोंडलेला भुंगा.
"चालू आहे ना?" तो विचारतो,
बाहेर उभ्या केलेल्या मोटारसायकलबद्दल विचारावं तसं.

चिनांदेगाच्या फडांत बावीस हंगाम कोयता चालवला त्यानं.
आदल्या रात्री पेटवलेला ऊस, सकाळी पायाखाली कोमट राख,
पाण्याची गाडी आली तर आली.
आता पाणी मोजून:
दिवसाला पाऊण लिटर, सूपही त्यातच धरायचं.
हा हिशेब कुणी मांडला, मला विचारू नका.
मी फक्त भूल देते.

सर्जन बेनाविदेस म्हणतात, हाड थांबत नाही.
खरंच आहे. पडून राहिला तर पाठीला जखमा,
पायात गुठळी, छातीत कफ.
मी म्हणते, आधी डायलिसिस, तेही हेपारिनशिवाय,
मग एक रात्र, मग तुमची करवत.
तेही खरंच आहे.
दोघंही बरोबर असले की भांडण लांबतं.

संध्याकाळी पोटॅशियम चार पूर्णांक सहा.
मी रात्री बसून औषधं खोडत जाते:
मॉर्फिन नको, ते याच्या अंगात
बिऱ्हाड करून राहतं.
नेहमीची वेदनाशामकं नकोत.
रक्त पातळ नाही, तरी गोठायला आळस करतं,
त्यासाठी एक इंजेक्शन शेवटच्या तासाला.
सलाइन थेंबाथेंबानं.
सगळं हातचं राखून.

पहाटे सहा पूर्णांक सात.

पुन्हा तपासा, मी म्हणाले.
पुन्हा सहा पूर्णांक सात,
आणि पट्टीवर हृदयाच्या लाटा तंबूसारख्या टोकदार.
परिचारिका मारलिंगनं पलंगाखालून पिशवी ओढली:
दोन रिकाम्या बाटल्या, तळाशी नारळाचा गर.

बहीण ओरालिया दारातच उभी होती.
दोन बस बदलून आणलं होतं तिनं शहाळ्याचं पाणी,
उपास सुरू व्हायच्या आत पाजलं, घोट घोट,
कापायच्या आधी अंगात ताकद हवी म्हणून.
मी ओरडले. ओरडायला नको होतं.
बेनाविदेसनी हातमोजे काढून टोपलीत टाकले
आणि काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

कॅल्शियम, सावकाश. इन्सुलिन, आणि बरोबर साखर,
उसाची नव्हे, बाटलीतली.
मग पुन्हा यंत्र, पुन्हा चार तास.
मी तिला समजावत होते: शहाळं नाही, केळं नाही,
टोमॅटो नाही, संत्रं नाही.
ती मान हलवत राहिली, आणि शेवटी म्हणाली,
"मग मी काय देऊ त्याला, डॉक्टर?"

माझ्याकडे आठ वर्षांचं शिक्षण होतं.
"बर्फ," मी म्हणाले. "एक खडा. शुद्धीवर आल्यावर,
मी सांगेन तेव्हा."

दुसऱ्या दिवशी दोन तास दहा मिनिटं.
रक्त अपेक्षेपेक्षा जास्त गेलं, भीतीपेक्षा कमी.
एकदा दाब इतका पडला
की माझा हात आपोआप सलाइनच्या चाकाकडे गेला,
आणि मी तो तिथेच धरून ठेवला,
आधी दुसरं औषध, मग पाणी.

शुद्धीवर आला तेव्हा पायाबद्दल विचारलं नाही त्यानं.
उजवा हात चाचपडत डाव्या मनगटावर गेला,
थांबला, बोटांनी ऐकलं.
"चालू आहे," तो स्वतःलाच म्हणाला.

ओरालिया खडा मुठीत धरून सकाळपासून उभी,
वितळला की नवा आणत होती.
मी मान हलवली. तिनं तो त्याच्या जिभेवर ठेवला.
वीस मिलिलिटर, मी तक्त्यात लिहिलं.
पण निम्मा तर तिच्याच तळव्यात विरघळला होता,
मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत.
तो हातचा धरायचा राहिला.